वरवट बकालमध्ये सिटकॉम का घडत नाही?

दर शुक्रवारी लंचच्या टेबलावर आमच्या टीममध्ये एक प्रश्न हमखास येतो. "या वीकेंडला काय बघू? काहीतरी हलकंफुलकं सांग, रडारड नको." का कोण जाणे, पण सुचवण्याचं हे खातं माझ्याकडे आलेलं आहे. (बग फिक्स करण्यापेक्षा मालिका सुचवण्यात माझा हातखंडा आहे, असं मॅनेजरचं मत.) गेल्या शुक्रवारी मी नेहमीप्रमाणे 'पंचायत'चं नाव घेतलं. त्यावर नवीनच जॉईन झालेल्या एका मुलीनं विचारलं, "ते झालं हिंदी. मराठीत असं गावाकडचं काय आहे? म्हणजे तुझ्या गावाकडचं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. नव्हतंच काही सांगण्यासारखं.

माझं गाव वरवट बकाल. तालुका संग्रामपूर, जिल्हा बुलडाणा. शेगाव सगळ्यांना माहीत असतं, गजानन महाराजांमुळे. तिथून उत्तरेला सातपुड्याच्या दिशेनं निघालं की आमचं गाव लागतं. पुण्यात गावाचं नाव सांगितलं की पहिली प्रतिक्रिया ठरलेली. "बकाल? खरंच?" आणि मग हसू. मग मी समजावतो की बक्काल हा अरबी-फारसीकडून आलेला जुना शब्द आहे, त्याचा अर्थ धान्य-किराणा विकणारा वाणी. मराठीत पुढे या शब्दाचं काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहेच. हे मी इतक्या वेळा सांगितलंय की आता व्हिजिटिंग कार्डावर छापून घ्यावं म्हणतो.

थोडक्यात, आमच्या गावाच्या नावावर लोक फुकटात हसतात, पण आमच्याकडे घडणारी एक धड विनोदी मालिका मात्र नाही. का नाही? शनिवार-रविवार याच प्रश्नात गेला. शेवटी बघण्यासारख्या मालिकांची यादी दिली आहे, पण त्याआधी थोडा इतिहास सहन करावा लागेल. घाई असेल त्यांनी सरळ खाली जावं, माझी हरकत नाही :-)

सोफा मधोमध का असतो?

सिटकॉम म्हणजे सिच्युएशन कॉमेडी. तीच माणसं, तीच जागा, दर भागात नवा घोळ आणि भाग संपताना सगळं पुन्हा जिथल्या तिथे. आमच्या भाषेत सांगायचं तर लूपच्या शेवटी सगळे व्हेरिएबल्स रिसेट. म्हणून मधला एखादा भाग चुकला तरी काही बिघडत नाही.

या प्रकाराचा साचा पक्का झाला तो अमेरिकेत, १९५१ साली सुरू झालेल्या 'आय लव्ह लुसी'मुळे. ही मालिका समोर प्रेक्षक बसवून, एकाच वेळी तीन फिल्म कॅमेरे लावून चित्रित व्हायची. कॅमेऱ्याची बाजू सांभाळायला होता कार्ल फ्रॉइंड, ज्यानं जर्मनीत १९२७ च्या 'मेट्रोपोलिस'चं छायाचित्रण केलं होतं. एवढा मोठा माणूस एका दिवाणखान्याच्या मागे का लागला? कारण प्रश्न इंजिनिअरिंगचा होता. प्रकाशयोजना अशी हवी की तिन्ही कॅमेऱ्यांना एकाच वेळी चालेल आणि दर शॉटला दिवे हलवावे लागणार नाहीत. ते जमलं आणि नाटकासारखा प्रसंग सलग करून अख्खा भाग झटपट चित्रित करता यायला लागला. पुढे चार्ली डग्लस नावाच्या साउंड इंजिनिअरनं टेपवरचं हसू वाजवणारं यंत्रच बनवलं, म्हणजे प्रेक्षक हसले नाहीत तरी काम भागायचं.

या सोयीची एक किंमत होती. गोष्ट खोलीच्या बाहेर जाऊ शकत नव्हती. म्हणून सोफा मधोमध, एक दार डावीकडे, एक उजवीकडे, आणि चौथी भिंत गायब. जिथे स्टुडिओ तिथे सेट, आणि जिथे सेट तिथलीच गोष्ट. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढचा सगळा इतिहास त्यावरच उभा आहे.

चिमणराव आमच्याकडे आलेच नाहीत

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. त्याच दशकाच्या शेवटी शेवटी तिथून 'चिमणराव' आलं. दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. आजही पन्नाशी-साठी ओलांडलेल्या कुठल्याही पुणेकरासमोर ही दोन नावं घ्या आणि चेहरा बघा.

मूळ गोष्टी चिं. वि. जोशी यांच्या (१८९२-१९६३). पुण्याच्या मध्यमवर्गातला भित्रा, पापभीरू चिमणराव जोग आणि त्याचा आडदांड मावसभाऊ गुंड्याभाऊ दांडगे. पडद्यावर ही जोडी टीव्हीच्या कितीतरी आधी आली होती. मास्टर विनायकांच्या १९४० च्या 'लग्न पहावं करून'मध्ये आणि १९४२ च्या 'सरकारी पाहुणे'मध्ये, दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांच्या रूपात. म्हणजे मराठी सिटकॉमच्या पहिल्या मोठ्या नावाला तयार पात्रं मिळाली, चाळीसेक वर्षं घासूनपुसून चकचकीत झालेली.

आता आमच्या गावाची बाजू. तेव्हा मुंबई दूरदर्शन दिसायचं ते मुंबईत आणि सिंहगडावरच्या केंद्रामुळे पुण्यात आणि आसपास. वऱ्हाडात टीव्हीच नव्हता. त्यामुळे 'अख्खा महाराष्ट्र चिमणराव बघायचा' असं कुणी लिहिलं की मला गंमत वाटते. अख्खा महाराष्ट्र म्हणजे ठाणे ते पुणे, बरं का. माझ्या बाबांना चिमणराव माहीत होता तो वाचनालयातल्या पुस्तकामुळे. प्रभावळकरांना त्यांनी पहिल्यांदा पाहिलं ते पार म्हाताऱ्याच्या मेकअपमध्ये. त्याबद्दल पुढे.

पहिलं हसू दिल्लीहून

मग आमच्याकडे टीव्ही आला कसा? ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट-१बी हा उपग्रह सोडला गेला. त्याच्या जोरावर सरकारनं देशभर लघुशक्ती ट्रान्समीटर बसवण्याचा सपाटा लावला. १९८४ साली काही महिने तर सरासरी रोज एक ट्रान्समीटर उभा राहत होता. वेग कौतुकास्पद, पण डिझाइनमध्ये एक गोची होती. हे छोटे ट्रान्समीटर स्वतः काही करायचे नाहीत. उपग्रहावरून दिल्लीचा कार्यक्रम उचलायचा आणि तोच आसपासच्या काही किलोमीटरमध्ये फेकायचा, एवढंच त्यांचं काम. मुंबईचं मराठी त्यात कुठेच नव्हतं.

परिणाम असा की आमच्या भागात टीव्हीवरचं पहिलं हसू हिंदीत आलं. 'हम लोग' ७ जुलै १९८४ ला सुरू झाली आणि त्याच वर्षी आली 'ये जो है जिंदगी'. दर शुक्रवारी रात्री. कुंदन शहांचं दिग्दर्शन, शफी इनामदार, स्वरूप संपत, राकेश बेदी आणि दर भागात नवं सोंग घेऊन येणारा सतीश शहा. लेखक शरद जोशी. (शेतकरी संघटनेचे शरद जोशी वेगळे. विदर्भात हा खुलासा करावाच लागतो. हे उज्जैनचे, हिंदीतले व्यंग्यकार.) बाबा सांगतात, गावात तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके टीव्ही होते. ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या ओसरीवर निम्मा मोहल्ला. अर्धे लोक हिंदी संवाद समजून हसायचे आणि अर्धे बाकीचे हसले म्हणून. चार्ली डग्लसच्या यंत्राची आमच्याकडे गरजच नव्हती.

पुढे १९८८ साली 'वागळे की दुनिया' आली. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतून उतरलेला मुंबईचा सामान्य माणूस, पुन्हा कुंदन शहा दिग्दर्शक, अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर ही जोडी. आडनाव मराठी, भाषा हिंदी. १९९४ ला 'तू तू मैं मैं' आली तेव्हा सासू रीमा लागू, सून सुप्रिया पिळगावकर आणि दिग्दर्शक सचिन. सगळी माणसं मराठी, संवाद हिंदी. थोडक्यात, मराठी माणसानं देशाला हसवलं, पण आमच्या ओसरीवर ते हसू पोचलं दिल्लीमार्गे आणि भाषांतरित होऊन. मुंबई केंद्राचं मराठी उपग्रहावरून राज्यभर पोचवणारी वाहिनी १९९४ सालची. तीच पुढे 'सह्याद्री' झाली.

टिपऱ्यांची सून

१५ ऑगस्ट १९९९ ला अल्फा मराठी सुरू झालं (आताचं झी मराठी), पुढच्या वर्षी ई-टीव्ही मराठी. आमच्या गावात तोवर केबल आली होती, एका घरातून दुसऱ्या घरात, निंबाच्या फांदीवरून लोंबत. आणि २००१ मध्ये आलं 'श्रीयुत गंगाधर टिपरे'.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: आजोबा आबा टिपरे (प्रभावळकर), मुलगा शेखर, सून श्यामला, नातू शिऱ्या, नात शलाका. प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी' या सदरावरून बेतलेली, केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेली मालिका. २००५ पर्यंत चालली. खलनायक नाही, कटकारस्थान नाही, कुणी कुणाच्या दुधात काही मिसळत नाही. फार तर कुणाचा तरी फोन चुकीच्या माणसाला लागतो. आणि शेवटी आबा आपल्या डायरीत चार ओळी लिहितात. त्या चार ओळींनी अख्खा भाग हसण्याच्या पलीकडे कुठेतरी जायचा. मी तेव्हा शाळेत होतो. त्या वेळी लोडशेडिंग असलं की आमच्या घरी वीज मंडळाचा जो उद्धार व्हायचा तो इथे लिहिता येणार नाही.

यातल्या श्यामलाचं काम करणाऱ्या शुभांगी गोखले यांचा जन्म खामगावचा. म्हणजे आमच्याच जिल्ह्याचा. हे कळलं तेव्हा आईला केवढा आनंद झाला होता! "पाय, आपल्याकडची पोरगी हाये ते!" पुढे त्याच शुभांगी गोखले २००९ च्या 'लापतागंज'मध्ये मिश्री मौसी झाल्या. ती मालिका शरद जोशींच्याच कथांवरची, एका हरवलेल्या छोट्या गावाची. आणि त्यांची मुलगी सखी २०१५ च्या 'दिल दोस्ती दुनियादारी'त होती, मुंबईतल्या फ्लॅटमध्ये एकत्र राहणाऱ्या सहा जणांपैकी एक. एकाच घरातल्या दोन पिढ्या आणि छोट्या पडद्यावरचा विनोद, असा छान धागा आहे तो.

पण टिपऱ्यांची सून अर्थातच मुंबईची भाषा बोलते. बरोबरच आहे, गोष्टच मुंबईची आहे. माझी तक्रार त्यावर नाही. तक्रार अशी की आमच्याकडचा माणूस पडद्यावर पोचायचा असेल तर त्याला आधी भाषा गावाच्या वेशीवर ठेवून यावी लागायची. तीच गोष्ट मीही केली, म्हणून हे टोचतं.

"बोलून दाखव ना"

पुण्यात इंजिनिअरिंगला आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात हॉस्टेलवर मी कुणाला तरी विचारलं, "मेस कुठी हाये?" खोलीत हशा. त्यात दुष्टपणा नव्हता, हे आज मला कळतं. पण त्यानंतर रात्री गप्पांच्या फडात हमखास फर्माईश यायची, "ए, ते तुझं बोलून दाखव ना!" मी बोलून दाखवायचो. मले, तुले, काऊन, करून राह्यलो... पोरं पोट धरून हसायची. मी काय बोलतोय याच्याशी कुणाला घेणंदेणं नव्हतं. मी 'उद्या पेपर आहे' म्हटलं तरी हशाच. सहा महिन्यांत मी 'कुठे आहे' म्हणायला शिकलो आणि फर्माइशी बंद झाल्या. गंमत म्हणजे मग घरी फोन केला की आई म्हणायची, "तू लय पुन्याचा झाला रे बाबू."

मला तेव्हा हे सांगता आलं नसतं, पण स्किट आणि सिटकॉम यांतला फरक नेमका इथे आहे. स्किट पाच-दहा मिनिटांचं असतं. त्यात बोली हाच विनोद असतो. माणूस बोलायला लागला की लोक हसतात, तो काय बोलतो ते नंतर. 'फू बाई फू' आणि २०१४ पासूनच्या 'चला हवा येऊ द्या'मधून अमरावतीकडच्या भारत गणेशपुरेंनी आमची बोली घराघरांत नेली, हे उपकारच आहेत. टायमिंग तर असं की दाद द्यावी. पण तो प्रकार स्किटचा आहे, दर वेळी नवं पात्र, नवी टोपी.

सिटकॉममध्ये मात्र त्याच माणसाला तुम्ही पुन्हा पुन्हा भेटता. पहिल्या भागात त्याची बोली ऐकू येते. दुसऱ्या भागात थोडी कमी. तिसऱ्या-चौथ्या भागानंतर बोली ऐकू यायची बंद होते आणि माणूस ऐकू यायला लागतो. त्याची उधारी, त्याचा अहंकार, त्याचं बायकोला घाबरणं. मग तुम्ही त्याला हसत नाही, त्याच्यासोबत हसता. मला हॉस्टेलवर हवे होते ते हे पुढचे भाग. पोरांनी पहिलाच भाग सहा महिने रिपीट लावला.

गोष्ट होतीच, खामगावात

आता कुणी म्हणेल, वऱ्हाडीत तसं लिहिणारा तर हवा ना! होता की. खामगावला पुरुषोत्तम बोरकर राहायचे. ऐंशीच्या दशकात त्यांची 'मेड इन इंडिया' ही कादंबरी आली. पंजाबराव गरसोळीकर पाटील हा तिचा नायक आणि अख्खी कादंबरी त्याच्याच तोंडून, अस्सल वऱ्हाडीत. गावचं राजकारण, शिक्षण, शेती, सोयरिकी, सगळं एका माणसाच्या बडबडीतून उलगडत जातं. वाचताना हसून हसून डोळ्यांत पाणी येतं, आणि काही पानांनंतर लक्षात येतं की पाणी फक्त हसण्याचं नाही. कापसाच्या गावात राहून जे दिसतं ते सगळं त्यात आहे. तिचे एकपात्री प्रयोगही झाले. बोरकर २०१९ साली गेले.

(एक गैरसमज दूर करतो. लक्ष्मणराव देशपांड्यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' आमचं नव्हे. त्यातलं वऱ्हाड म्हणजे लग्नाचं, आणि गाव मराठवाड्याचं. मला पुण्यात किमान दहा जणांनी "अरे तुमचंच ना ते?" असं विचारलंय.)

डोळ्यांसमोर आणून बघा. एक गाव, एक ग्रामपंचायत, एक पारावरची चौकडी, एक बोलघेवडा पाटील. सिटकॉमला आणखी काय लागतं? पण सेट लावायचा कुठे? स्टुडिओ मुंबईत, नट मुंबईत, जाहिरातदार मुंबईत. वरच्या त्या वाक्याकडे परत या: जिथे सेट, तिथलीच गोष्ट. पंजाबराव पुस्तकात राहिले आणि रंगमंचावर राहिले. टीव्हीवर माझ्या पाहण्यात ते कधी आले नाहीत.

मग कॅमेरा बाहेर पडला

दोन गोष्टींनी हे बदललं. एक, डिजिटल कॅमेरा हलका आणि स्वस्त झाला. तीन कॅमेरे आणि छताला टांगलेले दिवे यांची सक्ती संपली. एका कॅमेऱ्यानं खऱ्या घरात, खऱ्या उन्हात चित्रीकरण करता यायला लागलं. दोन, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा मातीमोल झाला. आमच्या गावात ज्यांच्याकडे कधी रंगीत टीव्ही नव्हता त्यांच्या हातात थेट मोबाईलवर मालिका आल्या.

याचं सगळ्यात मोठं फळ म्हणजे 'पंचायत'. एप्रिल २०२० मध्ये, आपण सगळे घरात कोंडलेले असताना आली. उत्तर प्रदेशच्या बलिया जिल्ह्यातलं फुलेरा हे काल्पनिक गाव, पण चित्रीकरण झालं मध्य प्रदेशात, सिहोर जिल्ह्यातल्या महोडिया गावी. आमच्या गावातून उत्तरेला सातपुडा ओलांडला की मध्य प्रदेशच. म्हणजे एवढी गाजलेली ग्रामपंचायत आमच्या शेजारच्या राज्यात उभी राहिली, आमच्याकडे नाही.

त्या लॉकडाऊनमध्ये मी गावी होतो. बाबांना मोबाईलवर पहिला भाग लावून दिला. इंजिनिअर झालेला पोरगा नाइलाजानं ग्रामपंचायतीचा सचिव होतो, निवडून आलेली बाई घरात आणि कारभार नवऱ्याच्या हातात, हे बघून बाबा आधी गालात हसले आणि मग मोठ्यानं. एका बैठकीत चार भाग बघितले. मग मोबाईल मला परत देत म्हणाले, "हे तं आपल्याच ग्रामपंचायतीतलं हाये. मराठीत काऊन नाही करत कोनी? आपल्या भाषेत?"

१९८४ मध्ये ओसरीवर बसून हिंदीत हसलेला माणूस. छत्तीस वर्षांनंतर अंगणात बसून पुन्हा हिंदीतच हसत होता. माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं.

तर, काय बघाल?

कबूल केल्याप्रमाणे यादी. माझा निकष एकच. गोष्टीला पक्का पत्ता हवा. 'कुठलंही शहर, कुठलंही कुटुंब' असलेल्या मालिका मला तिसऱ्या भागात सोडून द्याव्याशा वाटतात.

'पंचायत' पाहिली नसेल तर पहिल्यापासून सुरू करा, २०२५ पर्यंत चार सीझन आले आहेत. पहिले दोन अप्रतिम. पुढे राजकारण वाढतं आणि हसू कमी होतं, पण तोवर तुम्ही फुलेऱ्याचे रहिवासी झालेले असता.

'गुल्लक' (२०१९ पासून). उत्तरेतल्या छोट्या शहरातलं मिश्रा कुटुंब आणि त्यांची गोष्ट सांगणारा चक्क घरातला गल्ला. टिपरे आवडलेल्यांनी डोळे मिटून घ्यावी. म्हणजे उघडे ठेवून. भाग छोटे, जेवताना एक होतो.

'पोस्ट ऑफिस उघडं आहे' (सोनी मराठी, २०२३). 'हास्यजत्रे'च्या मंडळींची, नव्वदच्या दशकातल्या गावच्या पोस्टातली मालिका. काही भाग स्किटकडे झुकतात, पण मराठीत नव्यानं सरकारी ऑफिसात शिरणारं कुणीतरी आहे हेच मोठं.

'आणि काय हवं' (२०१९ ते २०२१, तीन सीझन). प्रिया बापट आणि उमेश कामत, नवरा-बायको, घर, गाडी, पहिला सण. दिग्दर्शक वरुण नार्वेकर. शहरी आहे, पण खोटं नाही. लग्न ठरलेल्यांनी जोडीनं बघावी.

'बी. ई. रोजगार' (भाडिपा, २०२१). पुण्यात नोकरी शोधणारे इंजिनिअर आणि त्यांची वेगवेगळी मराठी. आपल्यातल्या बऱ्याच जणांना हसता हसता जुने इंटरव्ह्यू आठवतील.

'चांडाळ चौकडीच्या करामती'. यूट्यूबवर फुकट. बारामती तालुक्यातल्या मंडळींनी आपल्याच गावात, आपल्याच बोलीत केलेली. अभिनय कधी कधी शाळेच्या गॅदरिंगसारखा वाटेल, पण पाच भाग द्या. सहाव्यापासून बोली ऐकू येणार नाही, माणसं ऐकू येतील. वर म्हटलं ते खरं की खोटं, इथे तपासून बघा.

आणि जुन्यातलं एकच: 'टिपरे'. कधीही, कुठूनही.

या यादीत वऱ्हाडी मालिका नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. बारामतीच्या लोकांनी कुणाची वाट बघितली नाही. कॅमेरा आपल्या गावाकडे वळवला आणि सुरुवात केली. सेट मुंबईत आहे ही सबब आता चालत नाही, हे मला ही यादी करताना कळलं.

दुसरी सबब माझ्याकडे तयार होती, की आपण तर पुण्यात राहतो, गाव सुटलं, आता कुठलं लिहिणं. पण तीही गेली. चिं. वि. जोशी आयुष्याचा मोठा काळ बडोद्यात होते, कॉलेजात पाली भाषा शिकवत. पुण्याचा चिमणराव त्यांनी बडोद्याला बसून लिहिला. गावापासून लांब राहिल्यानं गाव पुसट होत नाही, उलट कुठली गोष्ट सांगण्यासारखी आहे ते लांबूनच नीट दिसतं बहुतेक.

काल रात्री एक नवीन फाईल उघडली. ग्रामपंचायतीचं ऑफिस, सकाळचे अकरा, कुलूप लावलेलं. बाहेर तीन माणसं बसलेली. पहिला म्हणतो, "चाबी कोनाजवळ हाये?" एवढंच झालंय. मग मी बाबांना फोन लावला आणि विचारलं, खरंच कोणाजवळ असते हो चाबी? पाऊण तास बोलत होते. मी टाईप करून राह्यलो होतो.

असो. उद्या सोमवार, साडेनऊला स्टँडअप मीटिंग. त्या मुलीला म्हणावं, थोडा वेळ दे.